घरांतील ऊब आणि भिंतींतील ओल

सोलापूरच्या घरांतील ओलीविषयीं लिहावयाचें, हें वाचून पुष्कळांना हंसूं येईल. ज्या गांवीं वैशाखांत पारा बेचाळीस अंशांपलीकडे जातो, जेथें मृगापासून पावसाची वाट पाहण्यांत माणसाचे डोळे शिणतात, आणि जेथील रहिवासी कोंकणांतून आलेल्या पाहुण्यास आपल्या कोरड्या हवेचें कौतुक सांगतात, तेथें बुरशीचें भय कसलें? परंतु बुरशी कांहीं गांवाचें सरासरी पर्जन्यमान पाहून मुक्कामास येत नाहीं. तिला हातभर ओली भिंत, थोडें अन्न आणि कोणी न फिरकणारा एक कोपरा एवढें पुरतें. हीं तिन्ही जेथें मिळतील तें घर सावंतवाडीस असो कीं सोलापुरास, तिची सोय झालीच म्हणून समजावें.

शिवाय आपल्याकडील पावसाचा क्रम ध्यानांत घेतला पाहिजे. सह्याद्रीलगतच्या मुलुखांत आषाढ-श्रावणांत झड लागते व पुढें भिंती वाळावयास उसंत मिळते. सोलापुराकडे वर्षांतील सर्वांत मोठा पाऊस सप्टेंबरांत, म्हणजे भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास पडतो. त्यामागोमाग दोन महिन्यांत थंडी येते. म्हणजे भिंती पुरत्या वाळल्या नाहींत तोंच दारें-खिडक्या मिटण्याचे आणि घरांत ऊब करण्याचे दिवस उभे राहतात. ऑक्टोबर २०२० मध्यें भीमेकांठीं व सप्टेंबर २०२५ मध्यें सीनाकांठीं जे महापूर आले, त्यांनीं तर शेंकडों घरें जोत्याच्या वरपर्यंत भिजविलीं. पूर ओसरला म्हणजे घर वाळलें, असें होत नाहीं. दगडमातीच्या हातभर जाड भिंतीच्या पोटांतील पाणी निघून जावयास महिनेच्या महिने लागतात, आणि वरून सिमेंटचा गिलावा व तेलरंग चढविलेला असेल तर तें पाणी आंतच कोंडून राहतें. अशा घरांत कोणती शेगडी पेटवावी, ती कोठें ठेवावी आणि खिडकी केव्हां उघडावी, हे प्रश्न क्षुल्लक नाहींत. तान्ह्या मुलाची छाती आणि वृद्धांचा दमा यांच्याशीं त्यांचा निकट संबंध आहे.

प्रथम थोडें पदार्थविज्ञान पाहूं. हवेंत पाण्याची वाफ मावते, पण ती किती मावावी हें हवेच्या उष्णतेवर अवलंबून असतें. एका घनमीटर हवेंत दहा अंशांवर सुमारें ९ ग्रॅम, वीस अंशांवर १७ ग्रॅम आणि तीस अंशांवर ३० ग्रॅम वाफ राहूं शकते. याहून अधिक झाली कीं तिचें पाणी होतें, आणि तें पाणी खोलींतील सर्वांत थंड जागा शोधून तेथें जमतें. थंड पाण्यानें भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तोच प्रकार उत्तरेकडील भिंतीच्या कोपऱ्यांत, लोखंडी कपाटाच्या मागें आणि ट्रंकांच्या तळाशीं रात्रीं होत असतो. फक्त तेथें आपली दृष्टि जात नाहीं.

आतां बारा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशी एक निजण्याची खोली घ्या. वीस अंशांवर तिच्यांतील सगळी हवा मिळून ५८० ग्रॅमांच्या आसपास वाफ धारण करूं शकते. झोपलेलें मोठें माणूस श्वासावाटे व घामावाटे तासाला सुमारें ४० ग्रॅम पाणी हवेंत सोडतें. दोन माणसें आठ तास झोपलीं तर ६४० ग्रॅम झाले! म्हणजे कोणतीही चूल-शेगडी न पेटवितां, केवळ झोपेनेंच बंद खोली भरून वाहूं लागते. मग जेथें दोन लेंकरें, त्यांची आई व आजी अशीं चार माणसें निजतात आणि दोरीवर ओले कपडे असतात, तेथील स्थिति वाचकांनीं स्वतःच ताडावी.

येथें कोणी म्हणेल, "खोली तापविली म्हणजे हवा कोरडी होते, मग भय कशाचें?" हें अर्धें खरें आहे. हवा तापली कीं तिची वाफ धारण करण्याची शक्ति वाढते, म्हणून अंगाला ती कोरडी लागते. पण पाणी कोठें गेलेलें नसतें. तें त्याच हवेंत असतें. वीस अंशांची दमट हवा पंचवीस अंशांपर्यंत तापविली तर खोलीच्या मध्यभागीं सुखद वाटतें, परंतु मागची भिंत जर पंधरा-सोळा अंशांवर असेल तर तीच हवा तिला स्पर्श करतांच घामाघूम होते. ऊब माणसापुरती आणि ओल भिंतीपुरती अशी वांटणी होते. म्हणून नुसती ऊब हा ओलीवरील उपाय नव्हे. ऊब देऊन त्या ओल्या हवेला बाहेरची वाट मोकळी करून देणें, हा उपाय होय.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरांत ही वाट आपोआप होती. माळवदाच्या घराला जाड मातीचें छत, छताला झरोका, भिंतींना चुन्याचा किंवा मातीचा हात आणि चुलीवर धुराडें असे. न्हाणीघरांत तांब्याचा बंब पहांटेस पेटे. त्याच्या मधल्या नळींतून धूर व गरम हवा वर जाई आणि तिच्या जागीं बाहेरची ताजी हवा फटींतून आंत ओढली जाई. लांकडांतून निघणारी वाफ त्याच वाटेनें निघून जाई. मात्र यावरून "जुनें तेंच सोनें" असा निष्कर्ष कोणी काढूं नये. त्याच चुलीच्या धुरानें कित्येक गृहिणींचे डोळे गेले आणि छातीस खोकला जडला, हेंही तितकेंच खरें आहे. गॅस आला ही इष्टापत्तीच होय. बदललें तें इतकेंच, कीं चुलीबरोबर धुराडेंही गेलें, आणि धुराड्याबरोबर घराचा श्वास गेला.

कारण गॅस धूर करीत नसला तरी पाणी करतो. इंधनांतील हायड्रोजन जळतांना हवेंतील प्राणवायूशीं त्याचा संयोग होऊन वाफ बनते. एक किलो गॅस जळला कीं दीड किलोहून कांहींसें अधिक पाणी तयार होतें. त्या हिशेबानें १४.२ किलोची एक टाकी संपेपर्यंत घरांत सुमारें २२ लिटर पाणी वाफेच्या रूपानें सोडलेलें असतें; पातेल्यांतून उसळणारी वाफ ती निराळीच. एक लिटर रॉकेल जळलें तर जवळजवळ एक लिटर पाणी होतें. म्हणून ज्या घरांत अजून स्टोव्ह आहे, तेथें थंडींत त्यावर हात शेकीत खोली ऊबदार करण्याची संवय सोडून द्यावी. गॅसची शेगडी खोली तापविण्यासाठीं पेटती ठेवणें तर सर्वथा वर्ज्य समजावें. स्वयंपाकघरांत वरच्या अंगाला हवा बाहेर फेंकणारा पंखा असेल तर स्वयंपाक चालूं असतांना आणि त्यानंतर पाव तास तो चालूं ठेवावा. नसेल तर ओट्यावरील खिडकीचें वरचें दार उघडें असावें.

विजेच्या हीटरांतून पाणीही निघत नाहीं आणि धूरही निघत नाहीं. एक किलोवॅटचा हीटर एक तास चालला कीं एक युनिट वीज खर्च होते, एवढाच त्याचा दोष. ओलीच्या दृष्टीनें ही सर्वांत निर्दोष ऊब होय. मात्र वर सांगितल्याप्रमाणें तो खोलींतील ओल बाहेर घालवीत नाहीं, आणि पडदे व अंथरुणें यांपासून त्याला चार हात दूर ठेवणें अगत्याचें आहे.

राहिली कोळशाची शेगडी. लोणारी कोळसा हा जवळजवळ निव्वळ कार्बन असल्यामुळें त्यापासून वाफ फारच थोडी निघते. "शेगडीनें खोली कोरडी होते" असें घरांतील वृद्ध स्त्रिया सांगतात, त्यांत अनुभव आहे. त्यांना हंसण्याचें कारण नाहीं. पण त्या कोरडेपणाची किंमत भयंकर आहे. अपुऱ्या हवेंत जळणाऱ्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील तांबड्या द्रव्याशीं तो प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक आवडीनें जोडला जातो, आणि माणूस झोपेंतच गुदमरतो. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला हा २९ सप्टेंबर १९०२ रोजीं पॅरिस येथें आपल्या निजण्याच्या खोलींत मरण पावला, तो तुंबलेल्या धुराड्यामुळें सांचलेल्या याच वायूनें. घर श्रीमंताचें असलें म्हणून या वायूला दयामाया नसते.

हें सर्व सांगण्याचें मुख्य प्रयोजन म्हणजे आपल्याकडील बाळंतिणीची खोली. सोलापूरच्या हवेंत मोठ्या माणसांना शेगडीची गरज वर्षांतून थोडेच दिवस पडते. परंतु घरांत बाळंतीण असली कीं ऋतु कोणताही असो, खोलीचीं दारें मिटतात, खिडकीला जाड पडदा लागतो, बाजेखालीं निखारे येतात, ओवा-शेपांची धुरी होते आणि दोरीवर ओलीं दुपटीं पसरतात. वाऱ्याच्या झोताचें भय आणि ऊब देण्याची इच्छा यांमागील माया खरी आहे, आणि नवजात बालकास ऊब हवी हेंही वैद्यकाला मान्य आहे. चूक आहे ती खोली कोंडण्यांत. बंद खोली, निखारे, धूर आणि ओले कपडे हे चार शत्रु आपण एकाच वेळीं त्या सव्वा महिन्याच्या जिवाच्या भोंवतीं उभे करतों. निखाऱ्यांचा वायु आईला झोपेंत ठार मारूं शकतो; धुरानें बाळाच्या नाजूक श्वासनलिका सुजतात; आणि दुपट्यांचें पाणी बाजेमागच्या भिंतींत मुरून तेथें काळे ठिपके उमटतात.

मग ऊब द्यावी कशी? बाळाला आईच्या अंगाशीं, कातडीला कातडी लागेल असें धरावें. याहून सुरक्षित शेगडी जगांत नाहीं. डोक्याला टोपडें व अंगाला कोरडे सुती कपडे असावे. शेकाचा आग्रहच असेल तर निखारे बाहेर अंगणांत पुरते फुलवावे, शेक दार-खिडकी उघडी ठेवून द्यावा आणि तो होतांच शेगडी खोलीबाहेर न्यावी. ती आंत ठेवून कोणीही निजूं नये. आईच्या कमरेस गरम पाण्याची पिशवी तेंच काम करते. धुरीवांचून बालकाचें कांहींएक अडत नाहीं. खिडकीचें वरचें दार वीतभर उघडें ठेवलें तर झोत अंगावर येत नाहीं आणि दमट हवा वरून निघून जाते. दुपटीं मात्र दुसऱ्या खोलींत किंवा ओसरीवर वाळवावीं.

कपडे वाळविण्याचा प्रश्न सगळ्या घराचाच आहे. हातानें पिळलेल्या सुती कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या निम्म्याइतकें तरी पाणी राहतें. आठ-दहा माणसांच्या कुटुंबाचें एका दिवसाचें धुणें पावसाच्या निमित्तानें माजघरांत आलें, तर कित्येक लिटर पाणी आपण स्वहस्तें भिंतींना पाजतों. ज्या घरीं सोंवळें पाळतात तेथें उंच वलणीवर काठीनें घातलेलें धोतर व लुगडें आंतच वाळतें. त्यासाठीं देवघर किंवा निजण्याची खोली न योजितां हवा खेळणारी जागा नेमावी, म्हणजे सोंवळेंही राहील आणि भिंतही. उलट उन्हाळ्यांत आपल्याकडे घरोघर चालणारा पाण्याचा कूलर चैत्र-वैशाखाच्या कोरड्या हवेंत निरुपद्रवी असतो. पण मृग लागून हवा दमट झाल्यावरही तो चालूं ठेवला, तर थंडावा मिळत नाहीं आणि गाद्यांना मात्र कुबट वास येऊं लागतो.

बुरशीला अन्न लागतें, तेंही आपण पुरवितों. भिंतीवरील कागद, लांकूड, धूळ, पुस्तकांच्या बांधणींतील खळ हीं सारीं तिचीं पक्वान्नें आहेत. ही गोष्ट सोलापूरकरांस नवी नाहीं. कापडाच्या गिरण्यांत सुताला खळ द्यावी लागे, सूत तुटूं नये म्हणून मागांच्या जागीं मुद्दाम दमट हवा ठेवावी लागे, आणि मग त्याच खळीवर बुरशी चढूं नये म्हणून तींत जस्ताच्या क्षारासारखीं द्रव्यें घालावीं लागत. जें गिरणीवाल्यांनीं सुतासाठीं ओळखलें, तें आपण मुलांसाठीं ओळखावयास हरकत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं घरांतील ओल व बुरशी यांविषयीं जीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांत ओलसर घरांत राहणाऱ्यांना दमा व श्वसनाचे विकार अधिक जडतात असें स्पष्ट नमूद केलें आहे. मात्र २०२१ सालीं कोरोनाच्या दुसऱ्या लाटेंत जिनें हाहाकार केला ती "काळी बुरशी" म्हणजे म्युकरमायकोसिस, आणि भिंतीवरील काळे ठिपके, हीं एक नव्हेत; त्या नांवानें घाबरून जाऊं नये, पण दुर्लक्षही करूं नये.

दुर्लक्षाचा परिणाम काय होतो याचें एक उदाहरण विलायतेंतील आहे. इंग्लंडांत रॉचडेल येथें डिसेंबर २०२० मध्यें दोन वर्षांचें एक मूल दगावलें. घराच्या भिंतींवर बुरशी माजली होती आणि बापानें वारंवार तक्रार केली होती. व्यवस्थापकांनीं दोष ठेवला तो त्या कुटुंबाच्या राहणीवर. नोव्हेंबर २०२२ मध्यें न्यायिक चौकशींत निर्णय झाला, कीं दीर्घकाळ बुरशीच्या सहवासांत राहिल्यामुळेंच त्या मुलाचा श्वसनविकारानें अंत झाला. पुढें २०२३ च्या कायद्यानें, आणि ऑक्टोबर २०२५ पासून अमलांत आलेल्या नियमांनीं, सामाजिक घरांच्या मालकांवर अशा तक्रारी ठराविक मुदतींत निवारण्याचें बंधन आलें. यांतील राहणीवर दोष ठेवण्याची गोष्ट आपण विशेष लक्षांत ठेवावी. आपल्या घरांतही भिंतीला ओल आली कीं "सूनबाईचें लक्ष नाहीं" एवढ्यावर विषय संपतो, आणि पन्हाळीची फूट तशीच राहते.

म्हणून प्रथम ओल कोठून येते हें शोधावें. भिंतीच्या तळापासून हात-दोन हात उंचीपर्यंत ओल व पांढरा लोणा दिसला, तर ती जमिनींतून चढली आहे. पाऊस पडल्यावर छताखालीं डाग पसरला, तर गळती आहे. आणि पावसाशीं संबंध न ठेवतां थंडीच्या दिवसांत कोपऱ्यांत किंवा कपाटामागें काळे ठिपके आले, तर ती आपल्याच श्वासाची व शेगडीची वाफ आहे. शंका असल्यास भिंतीवर वीतभर प्लॅस्टिकचा तुकडा कडा घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवावा. पाणी आंतल्या बाजूस जमलें तर भिंत ओली. बाहेरच्या बाजूस जमलें तर हवा ओली. पहिल्या दोन प्रकारांस गवंडी हवा. तिसऱ्यास केवळ घरच्या माणसांची शिस्त पुरे.

ती शिस्त ऋतुमानाप्रमाणें असावी. सप्टेंबरच्या झडींत बाहेरची हवाही दमट असते, तेव्हां उघडीप मिळतांच खिडक्या उघडाव्या, पंखा लावावा आणि कपाटें भिंतीपासून चार बोटें पुढें ओढावीं. मार्गशीर्ष-पौषांत बाहेरची हवा चांगली कोरडी असते. दुपारीं अकरा ते तीन दारें-खिडक्या सताड उघडल्या तर भिंती फुकट वाळतात, आणि रात्रीपुरतीं तीं मिटावीं, तीही वरची फट ठेवून. बुरशी दिसल्यास कोरड्या कुंच्यानें झाडूं नये. तिचीं बीजें घरभर उडतात. नाकतोंड बांधून साबणाच्या पाण्यानें पुसावी, जागा पूर्ण वाळवावी, आणि दम्याच्या माणसास व मुलांस तेवढा वेळ दूर ठेवावें. ओल न काढतां वरून रंग देणें म्हणजे गळवावर रेशमी पट्टी बांधणें होय.

दिवाळीपूर्वीं घराला चुन्याची सफेदी देण्याची आपली जुनी चाल या दृष्टीनें किती समंजस होती! ताजा चुना अति क्षारमय असल्यानें त्यावर बुरशी धरत नाहीं, आणि तो भिंतीला श्वासही घेऊं देतो. त्यांत थोडा मोरचूद घालण्याची पद्धतही सकारण आहे. चुना व मोरचूद यांचेंच बोर्डो मिश्रण नान्नज-कासेगांवकडील बागाईतदार द्राक्षांवरील रोगास वापरतात. नवरात्रापूर्वीं अंथरुणें-पांघरुणें धुऊन उन्हांत टाकण्याचा परिपाठही ऐन पावसाच्या अखेरीस येतो. हीं कामें केवळ धर्मकृत्याची पूर्वतयारी म्हणून उरकूं नयेत. घराच्या आरोग्याचा तो वार्षिक दिवसच आहे. त्याच वेळीं फडताळांतील शेंगदाणे तपासावे. बुरशी लागलेले दाणे भाजून चटणींत दडपण्याचा मोह टाळावा. त्या बुरशीचें विष भाजल्यानें पुरतें नाहींसें होत नाहीं.

यांतील बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाहीं. लागते ती घरांतील संमति. एकत्र कुटुंबांत खिडकी कोणी उघडावी, हाही मानापमानाचा विषय होऊं शकतो. धाकट्या सुनेला ती उघडावीशी वाटते, पण सासूबाईंना वाऱ्याचें भय वाटतें. मुलाला सांगावें तर तो दोघींच्या मध्यें पडत नाहीं. अशा वेळीं वडील मंडळींनींच पुढाकार घ्यावा. बाळंतिणीच्या खोलींतील शेगडी बाहेर काढण्याचा शब्द आजीच्या तोंडून निघाला, तर तो घरांत कोणी मोडणार नाहीं, आणि त्या शब्दानें आजीचा अधिकार कमी न होतां वाढेलच. तिनें नातवाच्या ऊबेची काळजी आजवर वाहिली. आतां त्याच्या श्वासाचीही वाहावी, एवढीच आमची तिला विनंती आहे.